रोज ७० किलोमीटर जायचं असेल तर लहान गाडी कशी निवडावी

मी नाशिकच्या इंदिरानगरला राहतो आणि कामाला सिन्नरच्या पुढे मुसळगावला जातो. जाऊन-येऊन ७० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस. महिन्याला १७५० आणि वर्षाला २१ हजार किलोमीटर झाले. वेळ मोजला तर रोजचे सव्वादोन तास, म्हणजे महिन्याला पन्नासहून जास्त तास मी गाडीत बसलेला असतो. हे आकडे वहीत मांडले तेव्हा मला कळलं, की रविवारी घरच्यांना सोमेश्वरला न्यायची गाडी निवडणं आणि ही गाडी निवडणं यांत फार फरक आहे. घरच्या गाडीला पाच जणांची जागा लागते, डिक्की लागते, चारचौघांत बरी दिसली की झालं. रोजच्या लांब प्रवासाच्या गाडीत बहुतेक वेळा एकच माणूस असतो आणि परतताना तो दमलेला असतो.

गाडी त्या परतणाऱ्या माणसासाठी घ्यायची. शोरूममध्ये सकाळी अकराला, आंघोळ करून, चहा पिऊन बसल्यावर प्रत्येक गाडी छान वाटते. शिफ्ट संपली आहे, डोळे चुरचुरतायत, समोरून कंटेनर अप्पर लाइट मारत येतोय आणि घर अजून तीस किलोमीटर आहे, त्या वेळी गाडी तुम्हाला सांभाळून घेते की आणखी दमवते, हे बघायचं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका कसोटीवर.

१. आधी रस्ता लिहून काढा

मॉडेलांची नावं बाजूला ठेवा. एक आठवडा वही किंवा मोबाइल घेऊन स्वतःच्या प्रवासाची नोंद करा: किती किलोमीटर, किती मिनिटं वाहतुकीत अडकून, घाट आहे का, अंधारात किती वेळ, टोलनाका कुठे, गाडी दिवसभर उन्हात की शेडमध्ये, सोबत किती जण.

नाशिकमधून निघणारा प्रत्येक रस्ता वेगळी गाडी मागतो. सिन्नरकडे जाणाऱ्याला आधी द्वारका आणि नाशिकरोडची गर्दी, मग शिंदे-पळसे आणि पुढे मोहदरी घाट. वाडीवऱ्हे, गोंदे दुमाला किंवा इगतपुरीला जाणाऱ्याला मुंबई महामार्गाचा वेग, कंटेनरची रांग आणि जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस. पिंपळगाव-निफाडकडे हंगामात कांद्याचे आणि द्राक्षांचे ट्रॅक्टर-टेम्पो, आणि थंडीत निफाडच्या पट्ट्यात पहाटे धुकं. दिंडोरी आणि पेठच्या बाजूला ओव्हरटेक करताना समोरचा रस्ता नीट दिसेपर्यंत थांबायला लागतं. त्यात २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात ठिकठिकाणी रस्त्यांची कामं चालू आहेत, त्यामुळे रोजचा वेळ मोजताना पंधरा मिनिटं वरची धरा.

(एक सूचना. समृद्धीवरून जायचा विचार असेल तर कुठलं गोंदे हे नीट विचारून घ्या. महामार्गाचा इंटरचेंज सिन्नर तालुक्यातल्या गोंद्याला आहे. कारखान्यांचं गोंदे दुमाला इगतपुरी तालुक्यात. दोन्ही नाशिकहून वेगवेगळ्या दिशांना आहेत.)

ही नोंद हातात असली की सेल्समन काय विकतोय यापेक्षा आपल्याला काय लागतंय याकडे लक्ष राहतं.

२. गाडीत शरीर नीट बसतं का ते बघा

हे मी किमतीच्याही आधी घेतो, कारण चुकलेलं सीट नंतर दुरुस्त होत नाही. माझ्या आधीच्या गाडीचं सीट पुढून आखूड होतं. मांडीचा गुडघ्याकडचा अर्धा भाग हवेत राहायचा. आठ-दहा किलोमीटरला काही जाणवत नसे. रोज सत्तर सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात कंबर धरली. उशी ठेवून पाहिली, मण्यांचं कव्हर टाकून पाहिलं, उपयोग झाला नाही.

म्हणून शोरूममध्ये गेल्यावर गाडीभोवती फेऱ्या मारू नका, आत बसा. सीट आपल्या उंचीला लावा आणि डावा पाय क्लचवर पूर्ण दाबून ठेवा. पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या, आणि मग स्टिअरिंग छातीला फार जवळ येतंय का ते बघा. आता हाताची चार बोटं गुडघ्याच्या मागे, सीटची कड आणि पोटरी यांच्यामध्ये घाला. दोन-तीन बोटांची जागा असेल तर सीट तुमच्या मापाचं. आख्खा पंजा सहज जात असेल तर मांडीला आधार कमी पडणार. पाठ टेकवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवा. खांदा पाठीपासून न सुटता मनगट तिथे पोचलं पाहिजे.

सीटची उंची वरखाली करायचा खटका बहुतेक लहान गाड्यांत खालच्या मॉडेलला नसतो, मधल्या मॉडेलपासून मिळतो. माझी उंची ५ फूट ४ इंच आहे. या एका खटक्यासाठी मी मधलं मॉडेल घेतलं आणि मोठ्या स्क्रीनचं वरचं मॉडेल सोडलं. क्लचच्या डाव्या बाजूला पाय टेकवायला जागा आहे का, हेही बघा. महामार्गावर डावा पाय वीस-वीस मिनिटं रिकामा असतो. त्याला टेकायला जागा नसली की तो अधांतरी राहतो आणि कंबरेवर ताण येतो.

आत किमान वीस मिनिटं बसा. सेल्समन घाई करेल. "दादा, मला रोज सव्वादोन तास बसायचंय, वीस मिनिटं तर बसू द्या," असं सरळ सांगा. माझ्या बाबतीत तो मुलगा समजूतदार निघाला, चहा गाडीतच आणून दिला.

३. ब्रेक, लाइटी आणि जेवणाचा डबा

हे लिहिण्याचं कारण एक रात्र आहे. डिसेंबर महिना, साडेसात वाजलेले, मी जुन्या गाडीने पळसे ओलांडून नाशिकरोडकडे येत होतो. ती गाडी २०१२ ची, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली, लाइटी पिवळट झालेल्या. पुढे उसाची ट्रॉली चालली होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. उसाची टोकं लाइटमध्ये दिसली तेव्हा अंतर फार थोडं उरलं होतं. मी ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, गाडी तिरकी घसरली. त्याच झटक्यात शेजारच्या सीटवरची डब्याची पिशवी खाली पडली आणि स्टीलचा डबा घरंगळत माझ्या पायाशी आला. ब्रेक दाबलेलाच होता म्हणून डबा पेडलखाली गेला नाही. गाडी ट्रॉलीपासून दोन हातांवर थांबली. मी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. डब्यातली भाजी पायपुसण्यावर सांडली होती. तो वास महिनाभर गेला नाही.

त्या रात्रीनंतर मी तीन गोष्टी ठरवल्या.

एक, एबीएस. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं आहे, त्यामुळे त्यानंतरची गाडी घेतली तर हा प्रश्न सुटतो. पण सोबत ईएसपी आहे का ते विचारा. ओल्या वळणावर गाडी घसरू लागली तर ते एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ ठेवतं. त्याच्याबरोबर बहुधा हिल होल्डही येतं: चढावर ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी दोन-तीन सेकंद मागे सरकत नाही. मोहदरी घाटात रांग लागलेली असते आणि मागे भरलेला ट्रक टेकून उभा असतो, त्या वेळी या दोन सेकंदांची किंमत कळते.

दोन, लाइटी. कोणताही सेल्समन स्वतःहून लाइटी दाखवत नाही आणि कोणतंही गिऱ्हाईक विचारत नाही. टेस्ट ड्राइव्ह अंधार पडल्यावरची मागा. डिसेंबर-जानेवारीत सातला अंधार झालेला असतो, शोरूम उघडं असतं. डिपरवर रस्त्याची डावी कड किती लांबपर्यंत दिसते ते पाहा, कारण बंद पडलेला ट्रॅक्टर, सायकलवाला, गुरं, सगळं त्याच कडेला असतं. लाइटचा झोत खालीवर करायचं चाक आतून आहे का तेही बघा. मागे तीन माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं आणि समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो.

तीन, डबा. पाण्याची बाटली दारात घट्ट बसते का, डब्याची पिशवी कुठे राहील, लॅपटॉप कुठे, हे शोरूममध्येच ठेवून बघा. मी माझा डबा सोबत नेला होता. ड्रायव्हरच्या पायांकडे काहीही घरंगळत येऊ शकणार नाही अशी जागा असलेली गाडीच घ्यायची, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

४. सुरक्षेचे तारे आणि एअरबॅग

एअरबॅगची संख्या आणि गाडीच्या सांगाड्याची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत. सहा एअरबॅग आता लहान गाड्यांतही आल्यात. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टला त्या सगळ्या मॉडेलांत आहेत, आणि २०२५ मध्ये वॅगनआर, सेलेरिओलाही आल्या. चांगलंच झालं. पण टक्कर झाल्यावर बसायची जागा चेपली जात नाही ना, हे चाचणीतूनच कळतं. टाटा टियागोला २०२० मध्ये टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने ४ तारे दिले होते. वॅगनआरला २०२३ मध्ये १ तारा मिळाला, तेव्हा चाचणीतल्या गाडीला दोन एअरबॅग होत्या. भारत एनकॅप ही आपली चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. निकाल बघताना चाचणीचं वर्ष आणि चाचणीतल्या गाडीच्या एअरबॅग, दोन्ही बघा. जुना निकाल आजच्या गाडीला जसाच्या तसा लागू होत नाही. माझा स्वतःचा कल स्पष्ट आहे: रोज कंटेनरच्या शेजारून जायचं असेल तर लिटरमागे दोन किलोमीटर कमी देणारी पण जास्त तारे मिळालेली गाडी घ्यावी.

५. पेट्रोल, सीएनजी की इलेक्ट्रिक: हिशोब आपल्या किलोमीटरवर

कंपनीचा ॲव्हरेजचा आकडा सरकारी पद्धतीने प्रयोगशाळेत काढलेला असतो. सगळ्या गाड्यांची चाचणी सारखीच, म्हणून तुलनेला तो उपयोगी. खिशाच्या हिशोबाला नाही. वॅगनआर सीएनजीचा आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर आहे, स्विफ्ट सीएनजीचा ३२.८५. एसी लावून, द्वारका आणि घाट धरून, त्यातून २० टक्के वजा करा. पेट्रोलच्या २४-२५ च्या आकड्यातूनही तेवढेच, बेताने चालवत नसाल तर थोडे जास्त.

माझ्या १७५० किलोमीटरचा हिशोब असा. पेट्रोलवर लिटरला १९ धरले तर ९२ लिटर लागतात. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिन्याला साधारण ९६०० रुपये. सीएनजीवर किलोला २७ धरले तर ६५ किलो. दर ९२ रुपये धरला तर ६००० रुपये. महिन्याला ३६०० आणि वर्षाला ४३ हजारांचा फरक. सीएनजी मॉडेल साधारण ९० हजारांनी महाग मिळतं असं धरलं, तर दोन वर्षं आणि एखाद-दोन महिन्यांत पैसे वसूल. तुमच्या दिवसाचे दर टाकून हे पुन्हा करा. आणि तुमचे दिवसाचे किलोमीटर ७० ऐवजी ३० असतील, तर हीच वसुली पाच वर्षांवर जाते. मग सीएनजीच्या भानगडीत पडू नका.

भानगड म्हणतो ती रांगेची. साठ लिटरच्या टाकीत प्रत्यक्षात आठ किलोच्या आसपास गॅस बसतो. २७ च्या हिशोबाने सव्वादोनशे किलोमीटरही होत नाहीत, म्हणजे माझ्यासाठी दर तिसऱ्या दिवशी पंप. रांग कधी दहा मिनिटांची, कधी पाऊण तासाची, आणि प्रेशर कमी असेल तर टाकी अर्धीच भरते. म्हणून सीएनजी ठरवण्याआधी आठवडाभर आपल्या वाटेवरच्या पंपावर आपल्याच वेळेला थांबून रांग मोजा. मी मोजली. सकाळी सातच्या आत गेलो तर पाच-सात गाड्या असतात, संध्याकाळी सातला रस्त्यापर्यंत शेपूट. त्यामुळे मी सकाळी वीस मिनिटं लवकर निघतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी हौसेने सीएनजी घेऊ नये.

दुसरी गोष्ट ताकदीची. स्विफ्ट पेट्रोलवर ८२ पीएसची आहे, सीएनजीवर ७०. वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर ६७, सीएनजीवर ५७. एकटे जात असाल तर जाणवणार नाही. चौघे सहकारी मिळून जात असाल, एसी चालू असेल आणि घाट असेल, तर तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं. अशा वेळी मी पेट्रोलचं बटण दाबतो आणि वर गेल्यावर परत गॅसवर येतो.

डिक्कीचं बघा. एका मोठ्या सिलिंडरने डिक्की संपते. टाटाने २०२३ पासून आणि ह्युंदाईने २०२४ पासून दोन लहान सिलिंडर खाली बसवून वर जागा मोकळी ठेवली आहे. स्टेपनी कुठे आहे आणि ती काढायला गाडीखाली शिरावं लागतं का, हे प्रत्यक्ष काढायला लावून बघा. पावसात घाटात चाक बदलायची वेळ येते तेव्हा हा प्रश्न आठवतो.

बाहेरून किट बसवून घेण्यापेक्षा कंपनी फिटेडच घ्या. आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करून घ्यायची असते, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात. ज्यांना घराखाली स्वतःची पार्किंगची जागा आहे आणि तिथे चांगल्या अर्थिंगचा १५ अँपिअरचा पॉइंट ओढता येतो, त्यांच्यासाठी रोजचे ७० किलोमीटर हे अगदी योग्य अंतर आहे. टियागो ईव्हीच्या २४ किलोवॉट-तासांच्या, म्हणजे २४ युनिटांच्या, बॅटरीतून युनिटला सात किलोमीटर धरले तरी १६८ होतात. रोज दहा युनिटं, युनिट दहा रुपये धरलं तर शंभर रुपयांत दिवस. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते. पण सोसायटीने पॉइंटला परवानगी दिलेली नसेल तर आधी ती लेखी घ्या, मग गाडी बुक करा. आमच्या सोसायटीत हा विषय तीन सभा चालला. मी थांबलो नाही.

डिझेल लहान गाड्यांतून जवळपास गेलंच आहे, त्याचा विचार करत बसू नका.

६. गिअर हाताचा की ऑटोमॅटिक

एका संध्याकाळी मी बिटको चौक ते द्वारका क्लच किती वेळा दाबला ते मोजलं. ८७ वेळा. अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर. गुडघ्याचं किंवा कंबरेचं दुखणं असेल तर या एका आकड्यावर निर्णय घ्यावा.

लहान गाड्यांत बहुतेक ठिकाणी एएमटी मिळतो. त्यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. त्यामुळे ॲव्हरेज मॅन्युअलच्या तोडीस तोड राहतो. स्विफ्टचा कंपनीचा आकडा तर मॅन्युअलला २४.८० आणि एएमटीला २५.७५ आहे. गिअर बदलताना मात्र किंचित हिसका बसतो आणि ओव्हरटेकच्या वेळी गाडी क्षणभर विचार करते. त्या क्षणाची सवय व्हायला महिना लागतो. दुपदरी रस्त्यावर रोज ओव्हरटेक करायचे असतील तर एएमटी हाताने गिअर टाकायच्या पद्धतीवर ठेवून चालवून बघा आणि मगच ठरवा. चढावरच्या गर्दीत एएमटी ॲक्सिलरेटरवर तोलून उभी ठेवू नका, ब्रेक दाबा. नाहीतर क्लच प्लेट जळते आणि तो खर्च मोठा असतो. सीएनजी आणि ऑटोमॅटिक दोन्ही हवं असेल तर टियागोमध्ये ते २०२४ पासून एकत्र मिळू लागलं.

७. नवी की दोन-तीन वर्षांची

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आधी तो २८ टक्के आणि वर उपकर होता. हा दर चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांना आहे. त्यामुळे नव्या आणि वापरलेल्या गाडीतलं अंतर कमी झालं. वापरलेल्या गाडीचा मालक अजून जुन्या किमतीच्या हिशोबाने दर सांगत असेल, तर आजच्या नव्या गाडीची ऑन रोड किंमत काढून त्याच्यापुढे ठेवा.

वापरलेली घ्यायची तर एप्रिल २०२३ नंतर बनलेली घ्या, हा माझा आग्रह. त्या महिन्यापासून बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला आणि गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील अशा बनू लागल्या. आज पंपावर तेच पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असल्यामुळे ॲव्हरेज थोडा उतरतो, तोही हिशोबात घ्या.

गाडी बघताना ओडोमीटरवर भरवसा ठेवू नका, ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. तीस हजार चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड, स्टिअरिंगची वरची बाजू, पहिल्या-दुसऱ्या गिअरची अक्षरं, हे खरं बोलतात. गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसचा इतिहास काढून घ्या. टायरवर चार आकडे कोरलेले असतात: १४२३ असेल तर २०२३ सालचा चौदावा आठवडा. पाचही टायरांचे बघा. दोनच टायर नवीन असतील तर का, ते विचारा.

पुराच्या पाण्यातली गाडी ओळखता आली पाहिजे. गोदेला पूर येऊन पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढलं की नदीकाठी उभ्या गाड्यांत पाणी शिरतं, आणि धुऊन-पुसून त्याच पुढे बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. वरचा भाग स्वच्छ आणि आत गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ असेल, तर किल्ली परत देऊन निघा. स्टेपनीच्या खड्ड्यातला गंजही तेच सांगतो.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का, असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मिळणार का, ई-चलन थकलेलं आहे का, विमा चालू आहे का, सीएनजी असेल तर आरसीवर आणि विम्यावर दोन्हीकडे नोंद आहे का, एवढं बघा. गाडी नावावर व्हायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. पेठ रोडच्या आरटीओत नाव बदलल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, ओळखीचा माणूस असला तरी.

८. टेस्ट ड्राइव्ह आपल्या रस्त्यावर

शोरूमवाले मागच्या सर्व्हिस रोडवर दोन किलोमीटर फिरवून आणतात. त्याने काहीच कळत नाही. आधी फोन करून सांगा की मला घाटापर्यंत न्यायची आहे, पेट्रोलचे पैसे देतो. एक शोरूम नाही म्हणालं, दुसरं हो म्हणालं. मी दुसऱ्याकडे घेतली.

जाताना शक्यतो तेवढीच माणसं बसवा जेवढी रोज असतील. एसी चालू ठेवा. उड्डाणपुलावर चढताना चाळीसच्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढते की कण्हते ते ऐका. ऐंशीच्या वेगाला काचा बंद करून साध्या आवाजात बोलून बघा. आवाज चढवावा लागला तर हा आवाज रोज सव्वादोन तास ऐकायचाय हे लक्षात घ्या. रस्ता मोकळा बघून साठवरून जोरात ब्रेक लावा, गाडी सरळ थांबते का. खड्ड्यावरून मुद्दाम न्या. उजव्या बाजूचा पुढचा खांब वळणावर पादचारी झाकतो का ते बघा. काही गाड्यांत तो फार जाड आहे. आणि परत आल्यावर लगेच उतरू नका. पाठ, मान आणि डावा गुडघा कसा आहे ते स्वतःला विचारा.

एकाच दिवशी दोन गाड्या चालवल्या तर फरक ठळक कळतो. आठवड्याच्या अंतराने चालवल्या तर पहिली विसरायला होते.

९. टोल, सर्व्हिस आणि विमा

राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो. सुरू झाला तेव्हा ३ हजार रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. रोज दोन वेळा नाका ओलांडणाऱ्याच्या २०० फेऱ्या शंभर दिवसांत संपतात, म्हणजे वर्षाला एका पासात भागत नाही. तरी त्या किमतीत फेरीला १५ रुपये पडत. समृद्धी राज्याचा रस्ता असल्याने तिथे हा पास चालत नाही. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना स्थानिक मासिक पास मिळतो. नाशिकरोड, देवळालीकडच्यांनी शिंदे नाक्यावर तो जरूर विचारावा. कोणता स्वस्त पडतो ते आपल्या फेऱ्या मोजून ठरवा.

सर्व्हिस साधारण दर १० हजार किलोमीटरला असते. माझ्यासारख्याची वर्षातून दोनदा येते, म्हणून सर्व्हिस सेंटर घराजवळ किंवा वाटेवर असलेली कंपनी निवडणं शहाणपणाचं. वॉरंटीत वर्षांपेक्षा किलोमीटरची मर्यादा वाचा. पूर्वी काही कंपन्या २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर देत, ते माझ्या हिशोबाने दोन वर्षांच्या आतच संपायचे. आता मारुती आणि टाटा ३ वर्षं किंवा १ लाख देतात.

विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. त्यांचा आकडा लिहून घ्या, बाहेर विचारा, परत या. झिरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारा विमा, घ्या. महामार्गावर समोरची काच आणि बंपर यांचं नुकसान होतंच.

१०. पासिंगच्या आधी गाडी बघा

पैसे भरले, गाडी यार्डात आली, की शोरूमला सांगा: पासिंगच्या आधी मला बघायची आहे. एकदा तुमच्या नावाने नोंदणी झाली की ती गाडी तुमचीच, मग ओरखडा सापडला तरी बदलून मिळत नाही. दिवसाउजेडी जा. चेसिस नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून बघा आणि बनवल्याचा महिना-वर्ष विचारून घ्या. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत पास झाली तरी पुढे विकताना तिचं बनवल्याचं वर्षच विचारलं जातं, म्हणून त्याची सूट मागा. टायरचे चार आकडे पुन्हा वाचा, स्टेपनीसह. सगळ्या दारांमधली फट सारखी आहे का, रंगात छटांचा फरक आहे का ते कडेने वाकून बघा. सगळ्या काचा, लाइटी, वायपर, एसी चालू करून पाहा. जॅक आणि पाना जागेवर आहेत का. मग सीट आपल्या मापाला लावा, डबा त्याच्या जागी ठेवा, दार बंद करा, आणि सगळं ठीक असेल तरच पासिंगच्या कागदावर सही करा.